थोरल्यांचा डावा पाय

एका जंगलात वानरांचा एक कळप राहत असे, आणि त्या कळपात जो तो उजवा गुडघा चोळत बसलेला असे. म्हातारे तर चोळतच, पण कालपरवा मोठी झालेली पोरंसुद्धा सकाळी फांदीवरून उठताना कण्हत उठत. या दुखण्याची कुणाला लाज नव्हती. उलट ज्याचा गुडघा जास्त ठणके त्याला मान जास्त. दोन वानर भेटले की एक विचारी, काय म्हणतोय गुडघा? दुसरा म्हणे, रात्रभर झोपू दिलं नाही. मग पहिला मान डोलावून म्हणे, छान, म्हणजे उडी बरोबर चाललीय तुझी.

बालमित्रांनो, हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या. पुढं हसण्यासारखं फार नाही.

त्या कळपाचा नायक म्हणजे एक थोरला हुप्प्या. त्याला सगळे नुसतं ‘थोरले’ म्हणत. तरुणपणी एकदा बिबट्या पाठीमागं लागला असताना त्यानं जंगलातली मोठी घळ एका उडीत पार केली होती. खाली खडक, मधे काही नाही, पलीकडं उंबराचं झाड. ही उडी त्यानं एका पायावर मारली होती. डावा पाय पोटाशी घेतलेला, उजव्या पायावर सगळा भार, आणि गेला. कळपानं ते आपल्या डोळ्यांनी पाहिलं. आता पाहणाऱ्यांनी विचारायला हवं होतं की बाबा, तुझा डावा पाय का रे वर? ते कुणी विचारलं नाही. सगळ्यांनी एवढंच ठरवलं की डावा पाय पोटाशी घेतला म्हणून हा वाचला. दुसऱ्या दिवसापासून सगळा कळप डावा पाय पोटाशी घेऊन उड्या मारायला लागला. या उडीला ‘एकपायी’ असं नाव पडलं, आणि दोन्ही पायांवर उडी मारणं हे अडाणीपणाचं लक्षण ठरलं.

पुढं पुढं तर जन्मलेल्या पिल्लाचा डावा पाय गुळवेलीनं पोटाशी बांधून टाकायची रीत पडली. वेल आईनंच बांधायची. पिल्लू रडलं तर शेजारणी म्हणायच्या, रडू दे, वळण लागतंय. एक मास्तर वानर होता, तो रोज सकाळी पोरांना रांगेत बसवून एकपायी शिकवी. पोरांनी वर बघायचं, मास्तरांकडं बघायचं, थोरले ज्या खडकावर बसत त्या खडकाकडं बघायचं. स्वतःच्या पायाकडं बघितलं की पाठीत काठी. मास्तर सांगत, उडी पायात नसते, उडी थोरल्यांच्या आठवणीत असते. असली वाक्यं त्यांच्याकडं भरपूर होती. पोरं ती पाठ करत आणि एका पायानं धडपडत.

या कळपात एक तरणी वानरी होती. मोठं होताना प्रत्येकाला एकदा एकपायीनं घळ पार करून दाखवावी लागे, आणि गेल्या उन्हाळ्यात त्या घळीवरच्या परीक्षेत ती पडली होती. खालच्या करवंदीच्या जाळीत अडकली म्हणून जीव वाचला, पण कंबर अशी धरली की तिला उचलून ऐनाच्या एका झाडाच्या बेचक्यात ठेवावं लागलं. मास्तर बघायला आले. कसं आहे, कुठं दुखतंय, हे विचारायला नाही. त्यांनी लांबूनच सांगितलं की उडी मारताना हिचं लक्ष नव्हतं, हिच्यात ती गोष्टच नाही, आता हिनं शिकायला येऊ नये. आईनं मान खाली घालून हो म्हटलं. वानरीला तेव्हा ओरडून सांगायचं होतं की लक्ष होतं, सगळं लक्ष होतं, फक्त ते तुमच्याकडं होतं. पण श्वास घेताना बरगडी टोचत होती, म्हणून गप्प बसली.

बेचक्यात पडून पडून तिचे दिवस जाईनात. हलायची सोय नव्हती. समोरच्या फांदीवरून वानर जात-येत, त्यांच्या उड्या बघत ती पडलेली असे. मग एक दिवस तिच्या लक्षात आलं की आपण उडीचा नुसता विचार केला तरी उजवी पोटरी जराशी आवळते. अंग हलत नाही, पण आत काहीतरी तयार होतं. तिनं पुन्हा विचार केला. आधी पोटरी, मग मांडीची मागची बाजू, मग कमरेत एक ओढ, आणि शेवटी शेपटीच्या मुळाशी ताण. आयुष्यभर ती उड्या मारत आली होती आणि हे तिला आज कळत होतं. मग तिनं डाव्या बाजूचा विचार केला. तिथं काहीच नाही. कुलूप लावलेल्या घरासारखं. दार ठोठावलं तर आतून ओसुद्धा नाही.

तिनं डाव्या अंगठ्याला मनातल्या मनात सांगितलं, हल. शेपूट हललं. पुन्हा सांगितलं, हल. डावा कान हलला. तिला इतका राग आला की डोळ्यांतून पाणी आलं. आपलाच पाय, आपल्याच अंगाला लटकलेला, आणि आपल्याला त्याचा पत्ता माहीत नाही. कुणी चोरला हा? वेल बांधणारी आई डोळ्यांपुढं आली. काठीवाले मास्तर आले. त्या रागातच ती दुपारभर अंगठ्याच्या मागं लागली. रागानं काही झालं नाही. अंगठा हलला तो संध्याकाळी, ती दमून नुसती त्याच्यापाशी मनानं बसून राहिली तेव्हा. एवढासा हलला, मुंगी चावल्यासारखा. त्या दिवसापासून ती रोज थोडं थोडं सरकत गेली. अंगठ्यावरून तळव्यात, तळव्यातून टाचेत, टाचेतून घोट्यात. कंबरही सुधारत गेली, कारण एकट्या उजव्या बाजूवर पडणारा भार आता दोन्ही बाजूंत वाटला जात होता. ती फांदीवर दोन्ही पाय टेकून उभी राहायला लागली. बाकीचे बघून नाकं मुरडायचे. अडाण्यासारखी उभी राहते, असं म्हणायचे.

उडीत नापास झालेल्यांना कळपात एकच काम असे, मोठ्यांच्या उवा काढण्याचं. तिलाही ते मिळालं, आणि तेही थोरल्यांच्या खडकावर. तिथं गेल्या गेल्या मास्तरांनी तिला बजावलं की थोरल्यांच्या डाव्या पायाला हात लावायचा नाही. कुणीच लावत नाही. तो पाय पूज्य आहे.

एका दुपारी थोरले उन्हात डुलक्या घेत होते. झोपेत त्यांचा पोटाशी धरलेला पाय सुटला आणि तळवा तिच्या तोंडासमोर आला. तळव्याच्या मधोमध सुपारीएवढी टणक गाठ होती, आणि गाठीच्या मधोमध एक काळं टोक. वानरीनं वाकून बघितलं. बाभळीचा काटा होता, जुना, मोडलेला, त्याच्यावर कातडी चढून चढून घट्ट झालेली.

ती बघतच राहिली. म्हणजे त्या दिवशी बिबट्या पाठीमागं लागला तेव्हा या माणसाच्या, म्हणजे या वानराच्या, पायात काटा होता. पाय टेकवत नव्हता म्हणून त्यानं तो वर घेतला होता. एवढंच. नंतर काटा काढायचा तर कुणाला तरी दाखवावा लागला असता, आणि नायकाच्या पायाला दुखतं हे कळलं तर बाकीचे हुप्पे त्याच्या जागेवर टपलेलेच होते. म्हणून दाखवला नाही. आणि लपवता लपवता तो स्वतःच विसरला. सगळा कळप एका लपवलेल्या काट्यापायी लंगडत होता, आणि त्याला वळण म्हणत होता.

तिनं काट्यावर बोट ठेवून दाबलं. जोरात दाबलं. थोरल्यांनी एक डोळा उघडला आणि म्हणाले, “जरा पाठीला कर गं. तिथं खाजतंय.”

त्यांना काही लागलंच नव्हतं.

हे तिनं घरी येऊन आईला सांगितलं. आई धाकट्या भावाच्या पायाला नवी वेल बांधत होती, कारण महिन्याभरात त्याची घळीवरची परीक्षा होती. आईनं आधी इकडंतिकडं बघितलं, कुणी ऐकलं का म्हणून. मग म्हणाली की थोरल्यांच्या पायाबद्दल असं बोलू नये, तोंड झडतं. वानरीनं सांगितलं की या वर्षी घळीवरची फांदी वळवाच्या वादळात मोडलीय, नुसता खुंट उरलाय, अंतर वाढलंय, एका पायानं ती उडी आता कुणालाच जमायची नाही. मास्तर तरी जातात का घळीवरून? थोरले जातात? सगळे मोठे खालून ओढ्याच्या वाटेनं एकमेकांना धरून धरून पलीकडं जातात, आणि विचारलं तर म्हणतात, आमचं सिद्ध करून झालंय.

“माझ्याही पायाला बांधली होती वेल,” आई म्हणाली. “काय झालं मला?”

असं म्हणून ती फांदीवरून उतरायला लागली, आणि उतरताना तिनं दोन्ही हातांनी उजवा गुडघा धरला. वानरीनं तिचे पाय बघितले. उजवा सागाच्या सोटासारखा, डावा वाळलेल्या शेंगेसारखा. जिला स्वतःचा पाय दिसत नाही तिला लेकराचा कसा दिसेल?

पोरांनो, मोठ्या माणसांशी वाद घालून काही वेळा फक्त घसा बसतो. वानरीनं वाद सोडला. रोज दुपारी आई पाला खायला गेली की ती धाकट्याला ओढ्याकाठी नेई, वेल सोडी, आणि परत येताना तश्शी बांधून टाकी.

पहिल्या दिवशी तिनं त्याला डोळे मिटायला सांगितलं आणि डाव्या टाचेवर बोट ठेवून विचारलं, कुठं आहे बोट?

“गुडघ्यावर,” धाकटा म्हणाला.

“डोळे उघड.”

धाकट्यानं बघितलं. बराच वेळ बघितलं. मग ओठ काढून म्हणाला, “ताई, हा पाय माझा नाहीये.”

“तुझाच आहे. तुला कुणी सांगितलं नाही एवढंच.”

तिनं त्याला उडी शिकवली नाही. उड्या मारायला सगळेच शिकवतात. तिनं त्याला नुसतं उभं राहायला शिकवलं. तो सवयीनं जोर लावायचा, दात ओठ खायचा, तर ती त्याच्या शेपटीला हिसका द्यायची आणि सांगायची की जोर राहू दे, जोर तुला ढीगभर येतो, सावकाश टेक आणि कुठं काय होतंय ते मला सांग. मग तो सांगायचा. घोट्याच्या वर काहीतरी ताणलं. अजून? मांडीत आतून गरम वाटतंय. अजून? कुल्ल्यात गुदगुल्या होतायत. हे म्हणून तो फिसकन हसायचा आणि तीही हसायची. मास्तरांच्या शाळेत कधी कुणी हसलेलं तिला आठवत नव्हतं. बोट कुठं आहे हा खेळ रोज चाले. आधी गुडघा म्हणणारा धाकटा पुढं घोटा म्हणायला लागला, आणि एक दिवस डोळे मिटून, तोंडात ओढ्याचं पाणी धरून, त्यानं फुर्रकन पाणी उडवलं आणि म्हणाला, टाच, आणि बोट नाहीये, काडी आहे. काडीच होती.

परीक्षेच्या दिवशी सकाळी आईनं वेल स्वतः आवळली. नेहमीपेक्षा घट्ट. सगळा कळप घळीकाठी जमला. थोरले खडकावर डावा पाय पोटाशी घेऊन बसले होते, शेजारी मास्तर काठी घेऊन उभे. दोघंही सकाळीच ओढ्याच्या वाटेनं पलीकडं जाऊन चार उंबरं खाऊन परत आले होते, ढेकरा येत होत्या. धाकट्याला पुढं बोलावलं. तो एका पायावर लंगडत लंगडत आला. मोडक्या खुंटाकडं बघून त्याच्या तोंडचं पाणी पळालं होतं. मास्तरांनी त्याला सांगितलं की खाली बघू नको, पायाकडं बघू नको, थोरल्यांचं नाव घे आणि जा.

तेवढ्यात वानरी मधे शिरली. तिनं वाकून दातांनी वेल तोडली आणि घळीत फेकून दिली.

एकच गलका झाला. काही हुप्पे धावून आले, पण थोरल्यांनी हात वर केला. त्यांना वाटलं असावं की उवा काढणारी पोरगी, हिला कशाला एवढं महत्त्व द्या. त्यांनी शांतपणे तिला विचारलं की ही कसली वागणूक. तिनं सांगितलं. सगळ्यांसमोर, एका दमात. फांदी मोडलीय. एका पायानं ही उडी होत नाही. आणि एकपायी ही उडीच नव्हे, ते लंगडणं आहे, कारण थोरल्यांच्या डाव्या तळव्यात बाभळीचा काटा आहे, त्या दिवशीही होता आणि आजही आहे.

कळप हसायला लागला. एक म्हातारी वानरी तर हसता हसता खाली बसली. मास्तर म्हणाले, पडली तेव्हा डोक्यावर पडली वाटतं.

“माझ्या पायाला काही होत नाही,” थोरले म्हणाले.

“होत नाही, तेच सांगतेय मी,” वानरी म्हणाली. “डोळे मिटा आणि मी बोट कुठं ठेवलंय ते सांगा. एवढंच करा. बरोबर सांगितलंत तर वेल मी बांधते, माझ्या हातानं.”

थोरले हसले. सगळ्या कळपासमोर नाही म्हणणं बरं दिसलं नसतं, आणि त्यांना भीतीही नव्हती, कारण त्यांना खरंच माहीत नव्हतं. त्यांनी पाय लांब केला आणि डोळे मिटले. वानरीनं बोट तळव्यावर, नेमकं काट्याच्या टोकावर ठेवलं आणि दाबलं. सगळं अंग बोटावर रेलून दाबलं. पुढचे वानर वाकून बघत होते, मागचे त्यांच्या खांद्यांवरून बघत होते. काळं टोक सगळ्यांना दिसलं.

“गुडघ्यावर,” थोरले म्हणाले.

कुणी हसलं नाही. कुणी कुणाकडं बघितलंही नाही. एक जण आभाळाकडं बघायला लागला, एक जण स्वतःच्या पोटावरची ऊ शोधायला लागला. मग मास्तरांनी घसा साफ केला.

“बरोबर,” मास्तर म्हणाले. “गुडघ्यावरच आहे बोट.”

गुडघ्यावरच, असं बाजूचा हुप्प्या म्हणाला. मग त्याच्या बाजूचा. मग हसून खाली बसलेली ती म्हातारी. शब्द कळपातून असा फिरला की शेवटच्या रांगेपर्यंत जाईस्तोवर त्याला चांगला जोर आला होता. थोरल्यांनी डोळे उघडले. वानरीचं बोट अजून तळव्यावरच होतं, तिनं ते मुद्दामच काढलं नव्हतं. थोरल्यांनी ते बोट बघितलं. काटा बघितला. त्या एका क्षणात त्यांना सगळं कळलं असणार, कारण त्यांच्या पापण्या फडफडल्या. मग त्यांनी पाय हळूच ओढून पोटाशी घेतला, मान वर केली आणि कळपाला विचारलं, “पाहिलंत?”

पाहिलं, असं सगळे म्हणाले.

वानरीच्या कानशिलांत रक्त धडधडायला लागलं. खोटं बोलणाऱ्याचा राग येतो तो वेगळा. समोर दिसतंय ते एकमेकांच्या तोंडाकडं बघून पुसून टाकणाऱ्यांचा राग त्याहून मोठा. तिनं वळून आईकडं बघितलं. आई पहिल्याच रांगेत होती, हातभर अंतरावर.

“आई, तू सांग. कुठं होतं बोट?”

आईनं थोरल्यांकडं बघितलं, मास्तरांच्या काठीकडं बघितलं, आणि स्वतःच्या गुडघ्याकडं बघत म्हणाली, “माझं लक्ष नव्हतं.”

मास्तरांनी नवी वेल मागवली. कुणी म्हणालं गुळवेल आणा, कुणी म्हणालं ती तुटते, पळसवेल आणा. त्यावर म्हाताऱ्यांत जोरदार चर्चा सुरू झाली. चर्चा त्यांना आवडायची. या सगळ्यात धाकट्याकडं कुणाचंच लक्ष नव्हतं, एका वानरीशिवाय. तो खुंटावर जाऊन उभा होता. दोन्ही तळवे टेकलेले, बोटांनी साल पकडलेली, डोळे मिटलेले. तिनं हाक मारली नाही. हाक मारली असती तर त्याचं लक्ष तिच्याकडं गेलं असतं, आणि आत्ता ते जिथं होतं तिथंच राहायला हवं होतं. त्याच्या आत काय चाललंय हे तिला आपल्या अंगात कळत होतं. पोटऱ्या आवळल्या, दोन्ही. मांड्या भरल्या. कंबर जराशी खाली बसली. शेपटीचं मूळ ताठ झालं. त्यानं घाई केली नाही. मग त्यानं डोळे उघडले आणि गेला.

पलीकडचं उंबर हललं तेव्हा मास्तरांनी वर बघितलं.

धाकटा पलीकडच्या फांदीवर बसला होता. थरथरत होता, पण बसला होता. थोड्या वेळानं त्यानं एक उंबर तोडलं आणि खायला लागला.

ही उडी कुणी पाहिली, असं मास्तरांनी विचारलं. मी पाहिली, असं वानरी म्हणाली. तुझं धरत नाही, मास्तर म्हणाले. मग म्हाताऱ्यांनी डोकी एकत्र केली. आता यात काय ठरवायचं होतं? पोरगं समोर बसून उंबर खात होतं. पण ठरवणाऱ्यांना समोरचं कधी पुरत नाही. थोरल्यांनी निकाल दिला की दोन पायांची उडी ही उडी नव्हे. तेव्हा पोरगं पार गेलं नाही. आणि जो पार जात नाही तो पडतो. तेव्हा ते पडलं, असं समजावं. कळपाच्या रीतीप्रमाणं पडलेल्यासाठी रडावं, आणि रडायला आईनं सुरुवात करावी.

धाकटा पलीकडून ओरडला की मी इथं आहे. त्याच्याकडं कुणी बघितलं नाही.

“आणि तूही पडलीस, असं आम्ही समजतो,” मास्तर वानरीला म्हणाले.

“समजा,” वानरी म्हणाली. “तुम्हाला तेवढंच येतं.”

ती खुंटावर चढली. गेल्या वर्षी इथूनच पडली होती, आणि कमरेला ते आठवत होतं. भीती वाटली. भीती कुठं वाटतेय हेही तिला कळलं, बेंबीच्या खाली, थंड. तिनं तिला तिथं राहू दिलं. दोन्ही टाचा टेकल्या आहेत का ते बघितलं, डोळ्यांनी नाही, आतून. टेकल्या होत्या. पलीकडं पोचली तेव्हा फांदी इतकी हलली की धाकट्याच्या हातातलं उंबर घळीत पडलं. तो तिच्यावर ओरडला. तिनं त्याला जवळ ओढलं आणि त्याच्या डाव्या पायावर हात फिरवत बसली.

अलीकडं रडणं सुरू झालं होतं. बायका छाती पिटत होत्या. दोन जिवंत पोरं समोर बसलेली, आणि हा सगळा कळप त्यांच्या नावानं गळे काढत होता, तेही चांगल्या सुरात. काही तर मान वर करून, त्या दोघांच्या तोंडाकडं बघून रडत होत्या. वानरीला वाटलं, परत जाऊन एकेकीच्या कानाखाली वाजवावी. ती बसून राहिली. हात मात्र भावाच्या पायावर थांबला होता.

आई अजून रडली नव्हती. ती घळीच्या काठावर बसली होती, दोन्ही हात गुडघ्यावर. मास्तर तिच्या मागं येऊन उभे राहिले आणि म्हणाले की बाई, सुरुवात तुझ्यापासून व्हायची होती, बाकीच्यांनी तर रडायलाही घेतलं.

आईनं पोटाशी घेतलेला डावा पाय सोडवला. तो सहज सुटेना, तिनं हातानं धरून खाली आणला. खडकावर ठेवला. आणि मग तो टेकला आहे की नाही हे बघायला ती खाली वाकली. डोळ्यांनी बघितल्याशिवाय तिला ते कळलंच नव्हतं. वानरीनं पलीकडून हे सगळं पाहिलं, आणि तिचा राग कमी झाला नाही, पण ती फांदीवर पुढं सरकली. आईनं पाय उचलला. पुन्हा ठेवला. या वेळी तिनं डोळे मिटले.

“रड की,” मास्तर म्हणाले.

“थांबा जरा,” आई म्हणाली. “मला काहीतरी लागतंय.”

तात्पर्य : ज्यांना स्वतःच्या पायातला काटा कळत नाही, त्यांच्या हातात आपला पाय देऊ नका, आणि आपली टाच टेकली आहे की नाही, हे थोरांना किंवा चारचौघांना विचारायचं नसतं, टाचेलाच विचारायचं असतं.